शामोनीचे ऋतु

वर्षाचे सहा ऋतु आपल्या पूर्वजांनीं मानले, कालिदासानें 'ऋतुसंहारां'त त्यांचें वर्णन केलें, आणि तें मुलांना शिकवितां शिकवितां माझी नोकरी संपली. परंतु एकाच दिवसांत त्यांपैकीं चार ऋतु अंगावर घेण्याचा प्रसंग फ्रान्स देशांतील एका डोंगरी गांवींच मला प्रथम आला. त्या गांवाचें नांव शामोनी.

जिनिव्हापासून सुमारें ८० किलोमीटरांवर, आर्व्ह नदीच्या अरुंद खोऱ्यांत हें गांव वसलें आहे. त्याची उंची १,०३५ मीटर, म्हणजे अदमासें ३,४०० फूट. आपलें महाबळेश्वर याहून उंच आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. परंतु गांव ४६ अक्षांशाच्या जवळ, आणि त्याच्या डोक्यावर मों ब्लां, अर्थात् 'शुभ्र पर्वत', ४,८०६ मीटर उंच उभा! गांवाच्या चौकांतून शिखर पाहूं गेल्यास मान पाठीला लागते. जवळजवळ पावणेचार हजार मीटरांची ही चढण इतक्या थोडक्या अंतरांत उभी असल्यामुळें खालीं ग्रीष्म आणि वर शिशिर असा संसार तेथें नित्य चालतो.

मी तेथें गेलों तो सृष्टिशोभेच्या ओढीनें नव्हे. १९६६ च्या जानेवारीच्या २४ तारखेस डॉ. होमी भाभा ज्या विमानांत होते, तें मुंबईहून निघालेलें एअर इंडियाचें विमान याच पर्वतावर आदळलें व ११७ माणसें प्राणांस मुकलीं. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. वडिलांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवून, "फार मोठा माणूस गेला रे," एवढेंच म्हटलें आणि ते त्या दिवशीं जेवले नाहींत. पर्वताचें तें नांव तेव्हांपासून मनांत रुतून बसलें होतें. मुलगा जिनिव्हास नोकरीस गेला आणि गेल्या जुलैंत त्यानें आम्हां उभयतांस बोलाविलें, तेव्हां इतर कांहीं पाहण्यापूर्वीं मला हा पर्वत पाहावयाचा होता.

पहिल्या दिवशीं माझ्याच हट्टानें आमची फजिती झाली. जेवण आटोपून, थोडी वामकुक्षी करून निघावें, ही माझी जुनी संवय. मुलगा म्हणाला, "बाबा, इथें सकाळींच जावें लागतें." मीं ऐकलें नाहीं. दोन वाजतां बाहेर पडलों तों पर्वत जागेवर नव्हता! म्हणजे होता, पण ढगांत. तीनच्या सुमारास गडगडाट सुरू झाला व गारांचा असा मारा झाला कीं एका दुकानाच्या छपराखालीं तासभर उभें राहावें लागलें. सौभाग्यवतीनें मजकडे नुसतें पाहिलें.

याचें कारण सोपें आहे. उन्हाळ्यांत सकाळीं ऊन डोंगराच्या अंगावर पडलें कीं तेथील हवा तापते व उतारानें वर चढूं लागते. वर जातां जातां ती थंड होते, तिच्यांतील बाष्पाचे जलकण होऊन ढग बनतात आणि दुपारीं विजांसह कोसळतात. म्हणून तेथील वाटाडे पहांटे काळोखांतच वाट धरतात. या वाटाड्यांची संस्था १८२१ सालापासून चालू आहे. तेव्हां उद्यां काय होणार तें त्यांस विचारावें. आपल्या पंचांगांतील नक्षत्रांचा तेथें कांहीं उपयोग नाहीं. जुलै-ऑगस्टांत दुपारीं पारा २३-२४ अंशांपर्यंत जातो, पण रात्रीं दहाच्या आसपास उतरतो. पाऊस बारा महिने थोडाबहुत पडतोच. आपल्याप्रमाणें चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे अशी वांटणी तेथें नाहीं.

दुसरा दिवसही ढगांतच गेला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सातलाच आकाश निळेंशार निघालें आणि आम्ही एग्वी द्यु मिदी या सुळक्याच्या रज्जुमार्गावर गेलों. हा मार्ग १९५५ सालीं सुरू झाला. दोन टप्प्यांत, अवघ्या वीस मिनिटांत तो माणसास ३,७७७ मीटरांवर नेऊन सोडतो. तेथून यांत्रिक पाळण्यानें ३,८४२ मीटरांवरील सज्ज्यावर जातां येतें. दर हजार मीटरांस सहा-साडेसहा अंश उष्णता कमी होते, असा ठोकताळा आहे. खालीं सदरा पुरत होता. वर सदरा, लोकरी स्वेटर, त्यावर वाऱ्याचा अंगरखा असे थर चढवूनही दांत वाजत होते. सुती कपडा तेथें कामाचा नाहीं, कारण तो घाम धरून ठेवतो आणि मग तोच घाम अंग गारठवितो. बर्फावरून उलटणारें ऊन डोळ्यांस अपाय करतें, म्हणून काळा चष्मा अवश्य हवा.

परंतु थंडीपेक्षां विरळ हवेची गोष्ट घरांतील वडील मंडळींनीं अधिक ध्यानांत ठेवावी. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन-तृतीयांशांहून कमी असतो. अर्ध्या तासांत हिचें डोकें दुखूं लागलें व ओठ पांढरे पडले. "अहो, मला खालीं न्या," असें ती म्हणाली, तेव्हां पाहावयाचें तें पाहून झालें नव्हतें, तरी आम्ही लगेच उतरलों. मधल्या ठाण्यावर, २,३०० मीटरांच्या सुमारास, तिला आपोआप बरें वाटलें. याला औषध उतरणें हेंच. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असणाऱ्यांनीं वैद्यास विचारल्याशिवाय वर जाऊं नये.

तेथील एका वाऱ्याविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. त्यास 'फन' म्हणतात. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यच्छाया कशी पडते हें आपण भूगोलांत शिकलों, त्याचाच हा युरोपीय भाऊ. इटलीकडील दमट वारा पर्वत चढतो व पलीकडेच आपलें पाणी सांडतो. पाऊस पाडतांना बाष्पाची उष्णता हवेंत मिसळत असल्यानें चढतांना हवा फारशी थंड होत नाहीं. उतरतांना मात्र कोरडी हवा दर हजार मीटरांस जवळजवळ दहा अंश तापते. त्यामुळें ऐन थंडींतही कधीं एकाएकीं गरम, कोरडा वारा सुटतो, बर्फ पाझरूं लागतें व कडे ढांसळण्याचें भय वाढतें. असा पालट होण्यापूर्वीं शिखरावर एक गुळगुळीत ढग टोपीसारखा बसतो. गांवकरी त्यास 'गाढव' म्हणतात! गाढव दिसलें कीं शहाण्यानें वर जाऊं नये.

हिंवाळा मीं पाहिलेला नाहीं, तो मुलानें सांगितला. जानेवारींत रात्रीं पारा शून्याखालीं सहा-सात अंश जातो. डोंगरांमुळें ऊन उशिरां येतें व लवकर जातें. कधीं थंड हवा खोऱ्याच्या तळाशीं सांचून राहते आणि वरच्या उतारांवर मात्र उबदार ऊन असतें. १९२४ चे पहिले हिंवाळी ऑलिंपिक सामने याच गांवीं झाले. आणि याच खोऱ्यांत मोंत्रॉक येथें १९९९ च्या ९ फेब्रुवारीस हिमाचा कडा घरांवर कोसळून १२ माणसें दगावलीं. मे आणि नोव्हेंबर हे तेथील मोकळे महिने. तेव्हां पुष्कळ खाणावळी व रज्जुमार्ग बंद असतात. फिरून जाण्याचा योग आल्यास मी सप्टेंबर निवडीन.

परत येण्याच्या दिवशीं आम्ही बोसॉं हिमनदीच्या पायथ्याकडे गेलों. १९५० सालीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडियाचें दुसरें विमानही याच पर्वतावर पडलें होतें. या दोन्ही विमानांचे अवशेष ही नदी आपल्या गतीनें वाहून आणून तोंडाशीं सोडते. २०१२ सालीं भारत सरकारच्या टपालाची पिशवी मिळाली. २०२० सालीं इंदिरा गांधींच्या निवडीची ठळक बातमी असलेलीं वर्तमानपत्रें मिळालीं, वाचतां येण्याजोगीं. वडिलांनीं खालीं ठेवलेलें पत्र मला आठवलें. हवा तापते आहे तसतशी नदी मागें हटते आहे, आणि जें वर पुरलें होतें तें लवकर खालीं येत आहे.

हिनें वाटेंत वेंचलेलीं दोन रानफुलें दगडावर ठेवलीं व हात जोडले. मीही जोडले. मुलानें घड्याळ पाहिलें. एक वाजून गेला होता आणि शिखरावर ढग चढूं लागले होते. आम्ही छत्र्या काढल्या.