डॉक्टरांची आजारभेट



आजारभेटीच्या यादीतलं एक नाव मी दोन आठवडे पुढं ढकललं, हे आधी कबूल करतो. आमच्या मंडळीतले जुने डॉक्टरकाका. बेळगावात त्यांनी आयुष्यभर क्षयाचे रोगी तपासले. तरुणपणी त्यांना स्वतःलाही क्षय झाला होता. त्यातून ते बरे झाले, पण त्या वेळी पोखरलेल्या फुप्फुसांनी म्हातारपणी दगा दिला. आता त्यांच्यापासून कुणाला संसर्ग होणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पाय निघेना. ज्यानं इतक्या लोकांना धीर दिला, त्याच्या खाटेशी बसून मी कुठलं वचन वाचणार? लूकच्या चौथ्या अध्यायात वैद्याला उद्देशून एक म्हण येते. तीच सारखी आठवायची आणि लाज वाटायची.

त्याच दिवसांत मी एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो यांच्याविषयी वाचत होतो. हे न्यूयॉर्कचे डॉक्टर, जन्म 1848 चा. 1865 साली त्यांचा थोरला भाऊ क्षयानं गेला. एडवर्डनं त्याची शेवटपर्यंत सेवा केली, त्याच्याच खोलीत झोपून, खिडक्या बंद ठेवून, कारण तेव्हा तशीच समजूत होती. पुढं 1873 मध्ये त्यांनाही क्षय निघाला. निदान मरण्याआधी आवडतं रान पाहावं म्हणून ते ॲडिरॉंडॅकच्या डोंगरात गेले. तिथल्या एका वाटाड्यानं त्यांना उचलून जिना चढवला आणि वाळलेल्या कोकराच्या कातड्याइतकंही वजन नाही, असं म्हणाला. मरायला गेलेला माणूस त्या हवेत जगला. 1876 पासून सॅरनॅक लेक या गावी कुटुंबासह राहू लागला.

त्याच गावी हिवाळा काढायला रेव्हरंड जॉन लंडी आले. हे मोठे विद्वान. आरंभीच्या ख्रिस्ती कलेवर आणि चिन्हांवर त्यांनी 1876 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला होता. गावात त्यांच्या पंथाचं मंदिर नव्हतं, म्हणून ते हॉटेलच्या दिवाणखान्यात उपासना घेत. मग या दोघांनी मंदिराचं मनावर घेतलं. वर्गणी जमली, आणि 1879 मध्ये लाकडी मंदिर उभं राहिलं. नाव दिलं ‘प्रिय वैद्य संत लूक’. कलस्सैकरांस पत्रात पौलानं लूकला दिलेली ती ओळख आहे. ज्याच्या स्वतःच्या छातीत रोग घर करून होता, तो डॉक्टर त्या नावाच्या मंदिरासाठी पैसे गोळा करत होता.

हे दोघे एका मापाचे मुळीच नव्हते, आणि मला तेच आवडलं. लंडींची जीभ तिखट. 1880 मध्ये त्यांनी त्या हिवाळ्यावर एक पुस्तक काढलं, त्यात गावावर चांगलेच ताशेरे ओढले. ट्रूडोंचा मात्र तिथल्या वाटाड्यांवर जीव. त्यांच्याबरोबर ते शिकारीला जात, आणि त्यांच्यातल्याच एकानं त्यांना उचलून जिना चढवला होता. पुढं क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढायचं ठरलं, तेव्हा जमीन विकत घेऊन दिली ती याच वाटाड्यांनी. (लंडीसाहेबांनी ही बातमी ऐकून काय तोंड केलं असतं, असा एक पापी विचार मनात आला.) 1885 मध्ये पहिली छोटी लाल झोपडी तयार झाली, आणि तिथं कारखान्यात राबणाऱ्या दोन गरीब बहिणी आल्या.

ट्रूडोंचं दुखणं संपलं नाही. ते उठत, काम करत, पुन्हा पडत. 1893 मध्ये मुलगी क्षयानंच गेली, 1904 मध्ये डॉक्टर झालेला मुलगा न्यूमोनियानं. स्वतः ते 1915 पर्यंत जगले.

मी मात्र मंदिरापाशीच अडकलो होतो. आजारी माणसाला पाळकानं वीट, लाकूड आणि वर्गणीच्या भानगडीत ओढलं, ही आजारभेट कसली? आमच्या यादीत अशा भेटीला रकानाच नाही.

शेवटी गुरुवारी पाळकसाहेबांबरोबर गेलो. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. काकांच्या ते लगेच लक्षात आलं.

“लांब बसलास तरी चालेल, पण ती खिडकी तेवढी उघड,” म्हणाले.

मी उठून खिडकी उघडली. बायबल काढणार, एवढ्यात पाळकसाहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंदिराच्या छपराच्या दुरुस्तीचं कोटेशन.

“डॉक्टर, जरा बघा हो. मला यातलं कळत नाही.”

काकांनी चष्मा मागितला. उशाला टेकून बसायला त्यांना दोघांचा हात लागला. मग पेन्सिलीनं एकेक आकडा तपासत गेले. मध्येच दम लागला की थांबत, पुन्हा सुरू करत. पत्र्याच्या भावावरून दोघांची चांगलीच जुंपली. “अहो, तुम्हाला कुणीही फसवील!” असं काका ओरडले आणि त्यावर त्यांना एवढा खोकला आला की मी घाबरून उभा राहिलो. पाळकसाहेब जागचे हलले नाहीत. पाण्याचा पेला पुढं धरला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, “बरं, मग किती सांगू त्याला?”

प्रार्थना झाली ती निघताना, उभ्यानंच, चार वाक्यांची.

दारापर्यंत पोहोचलो तर मागून हाक आली. “ए, दुसऱ्या कंत्राटदाराचंही कोटेशन घे. गुरुवारी तूच घेऊन ये.”

उद्या गुरुवार आहे. कोटेशन मिळालंय. पत्र्याचा भाव यानंही जास्तच लावलाय.