कांद्याच्या गाडीवरून कसारा घाट

काशी-रामेश्वर करून आलेल्या मंडळींचीं प्रवासवर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. माझा प्रवास तितक्या पुण्याईचा नाहीं. लासलगांवच्या बाजारपेठेंतून निघावयाचें, नाशिक, घोटी, इगतपुरी करीत कसारा घाट उतरावयाचा आणि पहांटे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारांत पोंचावयाचें, एवढाच तो. आणि तोहि मालमोटारींत, पाठीशीं कांद्याच्या गोण्या घेऊन. हा रस्ता एस. टी. च्या खिडकींतून मीं शेंकडों वेळां पाहिला आहे. गेल्या हिंवाळ्यांत तो प्रथमच समोरच्या कांचेंतून पाहिला.

या प्रवासाचें कारण घरगुती आहे व तें लपविण्यांत अर्थ नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव बी. कॉम. झाला. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा सोडून त्यानें वर्षभर, लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात तो टेंपो चालविला आणि मग अवजड वाहनाचा परवाना काढला. घरांत काय झालें असेल याची कल्पना एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सहज येईल. आमच्या मातोश्रींचें वय ८८. "आपल्या घराण्यांत भिक्षुकी झाली, मास्तरकी झाली, कारकुनी झाली, गाडी हांकायला कुणी गेलें नव्हतें. आतां याला मुलगी कोण देणार?" असें म्हणून त्यांनीं जपमाळ हातांत घेतली, ती दोन दिवस खालीं ठेविली नाहीं. बंधूंनीं तर मुलाशीं बोलणेंच टाकलें. "त्याला म्हणावें, जेवून घे," असा निरोप एकाच पंक्तींत बसलेल्या बापाकडून मुलाकडे आईच्या मुखें जाऊं लागला. चौतीस वर्षें पोरें वळविलेला मास्तर म्हणून समजुतीचें काम माझ्याकडे आलें. मुलगा म्हणाला, "काका, आधीं एक खेप बरोबर चला, मग काय तें बोला." पूर्वपक्ष ऐकल्यावांचून खंडन करूं नये, हें मींच त्याला लहानपणीं शिकविलें होतें, तेव्हां नाहीं म्हणतां येईना.

गाडी दहा चाकांची. अशा गाडीचें मालासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत असावें असा २०१८ पासूनचा नियम आहे. आमच्या पाठीशीं अठरा टनांच्या आंतबाहेर कांदा होता. चालक सिन्नर तालुक्यांतील, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांस सगळे 'वस्ताद' म्हणतात, म्हणून मीहि तसेंच म्हणतों. पुतण्या त्यांच्या हाताखालीं दुसरा चालक. पूर्वीं या दुसऱ्या जागीं क्लीनर असे, आणि या शब्दाचें धंद्यांतील लोकांनीं 'किन्नर' असें रूप करून टाकलें आहे. ऐकून प्रथम हंसूं आलें. पण किन्नर हे कुबेराचे अनुचर, आणि दुसऱ्याचें धन वाहून नेणाऱ्याच्या सेवकास हें नांव अगदींच विजोड नाहीं, असें मागाहून वाटलें.

वस्ताद तेराव्या वर्षीं असे किन्नर झाले. बापाची तीन एकर जिराईत, आणि भाऊ चार. मामाच्या ओळखीच्या एका चालकाबरोबर निघाले. कांच पुसावयाची, हातोडी मारून चाकांतील हवा पारखावयाची, ताडपत्री बांधावयाची, स्टोव्हवर भाजी शिजवावयाची, गाडी मागें घेतांना उभें राहून "येऊं दे, येऊं दे" म्हणून ओरडावयाचें, आणि चढावर गाडी थांबली कीं खालीं उडी टाकून चाकाला दगड लावावयाचा. पगार नांवाला, अन्न मात्र पोटभर. शिकविणें असें निराळें कांहीं नसे. वस्तादाचे हातपाय पाहावयाचे. असें अडीच वर्षें पाहिल्यावर एके रात्रीं धुळ्याच्या अलीकडे सपाट, मोकळा रस्ता लागला. त्यांच्या वस्तादांनीं गाडी थांबविली, स्वतः डाव्या बाजूस जाऊन बसले आणि म्हणाले, "घे." तें वय कायद्यांत बसणारें नव्हतें, हें सांगावयास नकोच. पण गुरुगृहीं राहून, समिधा वाहून विद्या मिळविणाऱ्या बटूंविषयीं मीं वर्गांत वर्षानुवर्षें बोललों, आणि तशी पाठशाळा माझ्या घरापुढच्या हमरस्त्यावरून रोज धांवत होती हें मला कधीं दिसलें नाहीं. ज्याच्यापाशीं फी नाहीं, जमीन नाहीं, ओळख नाहीं, अशा मुलाला भाकरी देऊन शिकविणारी विद्या त्या काळीं दुसरी कोणती होती, असें वस्तादांनीं विचारलें असतें तर मला उत्तर देतां आलें नसतें. आतां खर्च वांचविण्यासाठीं पुष्कळ मालकांनीं किन्नर ठेवणें सोडलें आहे. मग चालक मिळत नाहींत म्हणून तेच मालक हळहळतात.

घोटीच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लागली. बाजेवर बसून डाळ-रोटी खातां खातां मीं मास्तरकीच्या संवयीनें चौघांपांचजणांस तोच प्रश्न घातला: तुम्ही या धंद्यांत कां आलांत? बीडकडच्या एका तरुणाचे आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जात. लहानपणीं उसानें भरलेल्या गाडीवर बसून जातांना, सबंध टोळींत ज्याच्या हातीं कोयता नाहीं असा एकच माणूस आहे, तो चालक, हें त्याच्या ध्यानांत राहिलें. तो सातवींत नापास. परवान्यासाठीं आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती सरकारनें २०१९ सालीं काढली, तेव्हां त्याचें काम झालें. (अट काढली हें चांगलें कीं वाईट? मास्तर या नात्यानें माझें मन अजून दुटप्पी आहे.) जौनपूरकडच्या एका गृहस्थांचें उत्तर रोकड्याचें होतें: शेतीचा पैसा वर्षानें दिसतो, खेपेचा भत्ता निघतांनाच हातीं पडतो. चांदवडचे एकजण हंसून म्हणाले, "घरीं बसवत नाहीं, गुरुजी. आठ दिवसांची रजा घेऊन जातों आणि तिसऱ्या दिवशीं कांहीं तरी निमित्त काढून निघतों." चौथ्यानें "कर्ज" एवढाच शब्द उच्चारला आणि तो रोटीकडे वळला. मग मीं विचारलें, मुलाला या धंद्यांत घालाल काय? या एका प्रश्नाला सर्वांकडून एकच उत्तर आलें, आणि तेंहि ताबडतोब.

१९६१ च्या कायद्यानें मोटार कामगारास दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम देण्यास मनाई होती, असें मीं वस्तादांस सांगितलें. ते इतके हंसले कीं ठसका लागला. मात्र सुधारणा झाल्याच नाहींत असें ते म्हणत नाहींत. मुलुंडच्या जकातनाक्यावर रांगेंत काढलेल्या रात्री त्यांस आठवतात. १ जुलै २०१७ ला जकात गेली तेव्हां त्यांनीं पेढे वांटले होते. नव्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन १ ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली, पण आमची गाडी त्याआधींची. इंजिनाची ऊब हिंवाळ्यांत बरी वाटते खरी. "वैशाखांत या," वस्ताद म्हणाले. अपघात करून, न कळवितां पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद, असें कलम नव्या संहितेंत आलें, तेव्हां जानेवारी २०२४ मध्यें चालकांनीं गाड्या उभ्या केल्या होत्या. आमच्याकडे त्या वेळीं पेट्रोल मिळणार नाहीं म्हणून चिंता होती; चालक थांबून राहिला तर जमाव त्याचें काय करतो, याची चिंता आमच्यांपैकीं कोणी केली नव्हती. तें कलम अमलांत आणणें सरकारनें लांबणीवर टाकलें.

५ जून २०२५ ला समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून इगतपुरीजवळच्या सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यांतून घाट टाळून जातां येतें. परंतु टोलाचा हिशेब मालक करतो, आणि त्याच्या हिशेबांत आम्हांस घाटच आला. घाटनदेवीला हात जोडून वस्तादांनीं चाक पुतण्याच्या हातीं दिलें. माझ्या पोटांत गोळा आला. ज्या गिअरमध्यें गाडी चढेल त्याच गिअरमध्यें ती उतरवावी, हा या विद्येचा पहिला नियम. ब्रेकवर भार टाकला तर ते तापतात, आणि तापले कीं धरीनासे होतात. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडणारे कित्येक खालीं पोंचलेच नाहींत. पुढें चाललेल्या एका गाडीचा करपल्यासारखा वास येत होता. डावीकडे नुसता काळोख. मी मनांतल्या मनांत रामरक्षा म्हणूं लागलों. वस्तादांचे डोळे अर्धे मिटलेले होते, कान मात्र इंजिनाकडे. सबंध घाटांत ते एकच शब्द बोलले: "सोड." मुलानें ब्रेकवरचा पाय उचलला.

कसाऱ्याला चहा घेतांना मीं त्याला विचारलें, "तूं कां रे?"

तो म्हणाला, "२०२१ च्या एप्रिलांत बाबा रुग्णालयांत होते ना? प्राणवायु सकाळपर्यंत पुरेल असें त्यांनीं सांगितलें, आणि आपण सगळे बाहेर उभे होतों. रात्रीं दोन वाजतां टँकर आला. लोक हात जोडून रस्ता मोकळा करीत होते. चालक उतरला, बाटलींतल्या पाण्यानें तोंड धुतलें आणि फुटपाथवर टॉवेल टाकून झोंपला. मीं चहा नेला, तर तो जागाच होईना. सकाळीं बघितलें तर गाडी गेलेली. त्याचें नांवहि आपण कोणी विचारलें नाहीं, काका."

त्या रात्रीं मीहि तेथेंच होतों. टँकर मला चांगला आठवतो. माणूस आठवत नाहीं.

"हें बाबांना सांगितलेंस?"

"बाबा बोलतच नाहींत."

तरी मीं माझें काम केलें. पाठीचें दुखणें, रात्रीचीं जागरणें, अपघात, लग्न, सगळें सांगितलें. "हें सगळें खरें आहे," तो म्हणाला, आणि कप परत द्यायला गेला. पहांटे पांचाला वाशीला गोण्या उतरूं लागल्या. वस्ताद तोपर्यंत गाडीतच झोंपी गेले होते. मी एस. टी. नें परतलों.

घरीं सगळे वाट पाहत होते. मातोश्रींनीं विचारलें तें एवढेंच, कीं पोर वेळेवर जेवतें कां. मीं जें पाहिलें तें क्रमानें सांगितलें, आणि शेवटीं टँकरचीहि हकीगत सांगितली. बंधूंनीं वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हां घातली आणि ते उठून आंत गेले. रात्रीं मी दाराला कडी लावीत होतों, तेव्हां ते मागें येऊन उभे राहिले.

"दादा, घाटांत गाडी कोणत्या गिअरमध्यें उतरवतो तो?"

"दुसऱ्या," मीं सांगितलें.