आजोबांचे पिक

स्नेहसंमेलनाला आठवडा उरला असताना आमच्या नववीतल्या एका मुलीने आजोबांच्या मेंडोलिनच्या पेटीतून एक पिक आणले. (गिटार-मेंडोलिनच्या तारा छेडायची पातळ चकती; शेतातले पीक नव्हे!) मधावर काळे डाग पडावेत तसा रंग. "सर, हे कासवाचे आहे. आजोबा कुणाला दाखवत नाहीत. मी यानेच वाजवू का?"

आम्ही शिक्षक गप्प झालो. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी कशी राखतात, हे याच मुलांना आम्ही नेऊन दाखवले होते. पूर्वी हॉक्सबिल कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांची पिके करत. टणक, तरी लवचीक; वादकांना फार प्रिय. पण या हव्यासापायी कासवेच संपत चालली आणि १९७७ साली 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्या व्यापारावर बंदी आणली.

मात्र १९२० च्या दशकापासून सेल्युलॉइडची पिकेही निघाली होती, अगदी कासवाच्याच रंगाची. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. विज्ञानाच्या बाईंनी पिक रुमालावर गरम होईपर्यंत घासले आणि मुलीच्या नाकाशी धरले.

"बाई, आरतीचा वास!"

(घरी करून पाहणाऱ्यांनी ते विस्तवाजवळ नेऊ नये, सेल्युलॉइड भडकन पेटते.)

आजोबांना हे सांगायचे कसे, याचीच आम्हाला चिंता. संमेलनाला ते पहिल्या रांगेत बसले होते. नातीचे वादन संपल्यावर सांगितले, तेव्हा हसून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे मी उगाचच लपवून ठेवले!"