पेट्रोलच्या वाफेचा बग

कॅलिफोर्नियात आठ वर्षांहून जुनी पेट्रोलची गाडी असली की साधारण दर दोन वर्षांनी तिला 'स्मॉग चेक' नावाची परीक्षा द्यावी लागते. पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. आणि डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा लागलेला असेल, तर गाडी कितीही गुणी असो, नापास! माझ्या २०१३ च्या सेडानचा दिवा मुदतीच्या बरोब्बर तीन आठवडे आधी लागला. स्कॅनर लावला. कोड पी०४५५. म्हणजे 'इव्हॅप सिस्टिममध्ये मोठी गळती'.

आता ही इव्हॅप काय भानगड आहे? पेट्रोल टाकीत गप्प बसत नाही, त्याची सतत वाफ होत असते. ती हवेत सोडायची नाही. कोळशाने भरलेल्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शोषून ठेवायची आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून तीच वाफ इंजिनात ओढून जाळायची. टाकीचं झाकण, काही नळ्या, कॅनिस्टर, दोन-तीन व्हॉल्व्ह. झाली सिस्टिम.

एवढ्याशा वाफेचं एवढं कौतुक कशाला, असं मलाही वाटायचं. पण १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत होते. अननसाच्या वासावर काम केलेल्या हागेन-स्मिट नावाच्या कॅलटेकच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात 'शिजून' ओझोन तयार होतो. पुढे १९७० च्या मॉडेल्सपासून कॅलिफोर्नियाने वाफ अडवणं सक्तीचं केलं. १९९६ पासून अमेरिकेतल्या गाड्यांत ओबीडी-टू आलं आणि गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच गळती शोधायला लागला. आता तर अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडतो पठ्ठ्या.

असो. गॅरेजवाल्याने कोड बघून कॅनिस्टर, दोन्ही व्हॉल्व्ह आणि झाकण बदलायचे साडेअकराशे डॉलर सांगितले. "यातलं नक्की बिघडलंय काय?" असं विचारलं तर म्हणाला, सगळंच बदलू, म्हणजे प्रश्नच नको! आमच्याकडे प्रॉडक्शनला बग आल्यावर कुणी "सगळे सर्व्हर नवे घ्या" म्हटलं तर काय होईल?

मग शनिवारी सकाळी स्वतःच बॉनेट उघडलं. झाकणाचं रबर ठीक होतं. नळ्यांना कुठे चीर नव्हती. पण एक गोष्ट डोक्यात होती. गेला महिनाभर गाडी फक्त पेट्रोल भरल्यानंतरच सुरू व्हायला कुरकुर करत होती, एरवी नाही. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर हे नीट जुळतं. भरताना टाकीतली वाफ थेट इंजिनात शिरते, आणि स्टार्ट करताना मिश्रणात पेट्रोल जास्त होतं.

तपासणं सोपं निघालं. कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून काढली, त्याचा वायरिंगचा प्लगही काढला आणि इंजिन सुरू केलं. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. मोकळ्या तोंडावर बोट ठेवलं तर बोट ओढलं गेलं! म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. बाहेर कुठेही भोक नव्हतं. पण माझी गाडी गळतीची चाचणी पार्क केल्यावर काही तासांनी करते. तेव्हा या व्हॉल्व्हमधून टाकीची हवा इंजिनाकडे निसटायची, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तीच गळती.

नवा व्हॉल्व्ह ४५ डॉलर. एक बोल्ट, दोन नळ्या, एक प्लग. वीस मिनिटांचं काम. (इंजिन थंड हवं, आणि आसपास ठिणगी नको.)

"आता स्कॅनरने कोड उडव आणि लगेच जा रे टेस्टला," मित्र म्हणाला. पण कोड उडवला की गाडीच्या आतल्या सगळ्या चाचण्यांची पाटी कोरी होते, आणि स्मॉग चेकवाल्याला ते दिसतं. २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांना इव्हॅपची चाचणी अपुरी असली तरी चालते, हे खरं. पण मला तीच पूर्ण झालेली बघायची होती. नाहीतर दोषी हाच व्हॉल्व्ह होता हे कळणार कसं? टाकी अर्धी ठेवली, कारण पार भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर ही चाचणी चालत नाही. रात्रभर गाडी उभी, सकाळी ऑफिस, असं सहा दिवस. सातव्या दिवशी स्कॅनरवर 'इव्हॅप : पूर्ण' आलं आणि दिवा बंदच राहिला. त्याच आठवड्यात स्मॉग चेक पास.

कोड ही गाडीची तक्रार असते, निदान नव्हे. ते आपल्यालाच करावं लागतं.

आणि हो, पंपाचा नोझल एकदा 'टक' करून थांबला की राउंड फिगरसाठी अजून भरू नका. द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरलं तर कोळसा खराब होतो. पुण्यातल्या बीएस ६ स्कूटरमध्येही असा कॅनिस्टर असतो बरं का!