आप्पांची एक्स्प्रेसो

आमच्या गुंजीत लग्न असलं की मांडवाच्या कोपऱ्यात स्टीलचं एक यंत्र उभं राहतं. त्याची नळी दुधात बुडवली की ते फुसफुसतं, दूध फेसाळून वर येतं, आणि कप भरला की वरून चॉकलेट पावडरची चिमूट. याला आम्ही 'एक्स्प्रेसो' म्हणतो. आप्पा जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दोन पितात.

गेल्या वर्षी सुट्टीत मी बेळगावच्या एका कॅफेत काम धरलं. एक दिवस आप्पा बाजाराला म्हणून आले आणि न सांगता आत शिरले. फळ्यावरच्या नावांत त्यांना एकच ओळखीचं सापडलं. "एक एक्स्प्रेसो दे गा," ते काउंटरवरच्या मुलाला म्हणाले. त्यानं दिली. बोटभर उंचीचा कप, तळाशी काळं. आप्पांनी वाकून बघितलं. "बाकीचं कुठाय?"

शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. मी आत कप पुसत होते. वर बघितलं नाही. आप्पांनी ती औषधासारखी एका घोटात संपवली, पैसे दिले आणि गेले. मी इथं काम करते हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही ते माझे वडील आहेत असं बोलले नाही.

त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या फळ्याचा नाद लागला. ती नावं वाटतात तेवढी भारी नाहीत. दही, मठ्ठा, ताक यांत आई जसा फरक करते, तसाच हा. मूळ एकच: बारीक दळलेल्या सात ते नऊ ग्रॅम कॉफीतून सुमारे ९ बार दाबानं गरम पाणी ढकलायचं, २५-३० सेकंदांत जेमतेम ३० मिलिलिटर उतरतं. ती एस्प्रेसो. तिच्यात फक्त गरम पाणी घातलं की अमेरिकानो. चमचाभर फेस टाकला की माकियातो, म्हणजे 'डाग पडलेली'. जवळजवळ बरोबरीनं दूध घातलं की कोर्तादो, ही स्पॅनिश. कपुचिनोत दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटरच्या कपात दूध आणि वर जाड फेस. तिचा रंग कापुचिन फादरांच्या तपकिरी झग्यासारखा, म्हणून ते नाव. लाटेत दूध त्याहून बरंच जास्त, फेसाचा थर पातळ. (इटलीत नुसतं 'लाटे' मागाल तर दुधाचा ग्लास पुढ्यात येईल!) फ्लॅट व्हाइट लाटेपेक्षा लहान, म्हणून कॉफी जास्त लागते, ती आमची की तुमची यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून भांडतात. सीमाभागातल्या माणसाला हे भांडण समजावून सांगायला नको.

खरी गंमत यंत्रात आहे. कॅफेतल्या यंत्राला दोन हात. एक कॉफी गाळतो, दुसरा दुधाला वाफ देतो. लग्नातल्या यंत्राला फक्त वाफेचा हात. कॉफी म्हणून इन्स्टंट पावडर. म्हणजे आमच्या एक्स्प्रेसोत एस्प्रेसो नसतेच. नातं सांगायचंच तर ती कपुचिनोची मावसबहीण. चूक आप्पांची नव्हती. त्यांनी आयुष्यभर ज्याला जे नाव ऐकलं तेच मागितलं.

महिन्याभरानं मी त्यांना बोलावून घेतलं. यायला तयार नव्हते. "तिथलं कडू मला सोसत नाही गे." शेवटी आले. मी स्वतः कपुचिनो केली. दूध पासष्ट अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, कारण सत्तरच्या पुढं त्याचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. वर चॉकलेट पावडर, जरा जास्तच. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "हे माझे आप्पा. पैसे माझ्या पगारातनं कापा."

आप्पांनी घोट घेतला. मिशीला लागलेला फेस पुसला. आम्ही दोघंही बघत होतो.

"कॉफी बरी हाय," ते म्हणाले, "खरं दूध पातळ हाय. म्हशीचं न्हाई हे." मग त्या मुलाकडं वळून, "लिटरला काय देता?"