काशाचा नाद

टाळ हेही एक वाद्य आहे असे म्हटले, की संगीताचे पुष्कळसे जाणकार सौजन्याने मान डोलावतात आणि बोलणे पखवाजाकडे वळवतात. ज्याला दोन हात आहेत तो टाळ वाजवू शकतो, मग त्यात निवडायचे ते काय, असा त्यामागचा हिशेब असावा. भरताने हा हिशेब मांडलेला नाही. नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगताना घन वर्गाचे उदाहरण म्हणून त्याने टाळाचेच नाव घेतले आहे. घन म्हणजे ज्याला तार नाही, कातडे नाही, ज्यात फुंकर घालायची नाही. जे काही बोलायचे ते अंगच्या धातूनेच बोलायचे. अशा वाद्याला सूर लावून घेण्याची सोय नसते. पखवाज उतरला तर गठ्ठे ठोकून चढवता येतो, वीणेची खुंटी पिळता येते. टाळ जसा घडला तसाच जन्मभर वाजणार. म्हणूनच तो घेताना जी काय पारख करायची ती करून घ्यावी लागते.

आमचा हिंगोली जिल्हा तसा नवा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा निघाला. टाळाशी त्याचे नाते मात्र शतकांचे आहे. परंपरा ज्याला संत नामदेवांचे जन्मगाव मानते ते नर्सी याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळात नंदी नेहमीप्रमाणे समोर नसून मागे बसलेला आहे, आणि त्याची कथा इथल्या पोराटोरांनाही पाठ असते: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. कथेचा अर्थ जातीच्या आणि अधिकाराच्या अंगाने लावला जातो आणि तो योग्यच आहे. पण आमच्यासारख्या टाळकऱ्यांच्या मनात एक उपप्रश्न येतोच, की आत मंत्र म्हणणाऱ्यांना बाहेरच्या टाळांचा खरोखरच त्रास होत असेल काय? टाळ जवळून ऐकणाऱ्याला हा प्रश्न अगदीच पाखंडी वाटणार नाही.

आमच्या गावच्या भजनी मंडळापुढे तो प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. मंडळाकडे टाळांचे चौदा जोड होते आणि ते जणू चौदा काळांतले होते. काही कोणाच्या आजोबांनी वारीत घेतलेले, काही सप्ताहात कोणी देणगी दिलेले, दोन पितळी, एकाचा कंगोरा उडालेला, आणि एका जोडीतला एकच उरलेला, तो चिरलेल्या दुसऱ्या एकाशी बांधून कसाबसा जोड केलेला. वर्गणी जमली आणि बारा नवे जोड घ्यायचे ठरले. घ्यायचे कुठून, यावर वाद नव्हता, पंढरपूरला. कसे घ्यायचे, यावर मात्र मंडळाची दोन मंडळे होण्याची वेळ आली.

वादात शिरण्यापूर्वी धातूविषयी थोडे सांगणे भाग आहे. चांगला टाळ काशाचा. कासे म्हणजे तांबे आणि कथील. साधारणपणे शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. ज्या काशाच्या वाटीने आपल्या घरांतून तळपायांना तूप चोळतात, तेच हे कासे. कथील वाढले की धातू कठीण होतो आणि नाद लांबतो, पण त्याच बरोबरीने तो ठिसूळही होतो. काशाचा टाळ फरशीवर पडला तर त्याला चीर जाण्याची भीती असते, आणि चीर गेलेला टाळ दिसतो धडधाकट, वाजतो मात्र फुटक्या मडक्यासारखा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते आपटले तर फार तर पोचा येतो, ते स्वस्तही पडते. पण त्याचा नाद लवकर विझतो. घडणीचेही असेच. आकार तोच ठेवून जाडी वाढवली की आवाज चढतो आणि टोकदार होतो. जाडी तीच ठेवून घेर वाढवला की आवाज उतरतो. मधली वाटी किती खोल आहे आणि कड किती पातळ आहे, यावरही पुष्कळ ठरते. टाळ वजनावर विकले जात असल्यामुळे गिऱ्हाइकाची स्वाभाविक समजूत अशी होते, की जितका जड तितका उत्तम. आमच्या मते टाळांच्या बाजारातली सर्वांत महागडी समजूत ती हीच.

मंडळातला एक तरुण लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवतो. भजनाला तो एकादशीपुरता येतो, म्हणून ज्येष्ठांच्या लेखी त्याच्या मताला वजन नव्हते. पण टाळ या विषयावर आम्हां सर्वांत जास्त विचार त्यानेच केलेला निघाला. ड्रमसेटमध्ये पायाने उघडझाप होणाऱ्या दोन थाळ्या असतात, त्यांना हाय-हॅट म्हणतात; तो म्हणाला, "काका, तो पायातला टाळच आहे." बहुधा वरची थाळी हलकी आणि खालची जड ठेवतात, म्हणजे मिटताना आवाज नेटका येतो. ठेका धरणारी मोठी थाळी ती राइड, एकदम फुटणारी ती क्रॅश. त्या थाळ्यांचे उत्तम कासे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील असे असते, म्हणजे आपल्या काशाचे सख्खे भावंडच. त्यांतले प्रसिद्ध घराणे झिल्जियन; सतराव्या शतकात इस्तंबूलच्या एका आर्मेनियन किमयागाराला सोने शोधता शोधता हे मिश्रण सापडले अशी त्या घराण्याची कथा आहे. सोने सापडले असते तर ते केव्हाच वितळून दागिन्यांत गेले असते. १९२९ पासून ते अमेरिकेत थाळ्या घडवीत आहेत.

या तरुणाने आम्हांला दोन शब्द दिले. थाळीचा आवाज 'ब्राइट' असतो किंवा 'डार्क' असतो. आम्ही त्यांना आपापसात उजळ आणि गडद म्हणू लागलो, आणि नवल असे, की ज्येष्ठांनाही ते पटकन उमगले. त्यांच्याजवळ अनुभव होताच, नाव तेवढे नव्हते. उजळ टाळ गर्दीतून वाट काढतो. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढा अशी आमच्याच जिल्ह्यातून जाते. उघड्या रस्त्यावर शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात तेव्हा एकेका टाळाचा गुण-दोष उरतच नाही, कापडाचा ताणा-बाणा वेगळा न दिसावा तसे ते होते. तिथे उजळ टाळ शोभतो. पण बाराजणांनी पत्र्याच्या सभामंडपात बसून वाजवायचे म्हणजे प्रत्येक टाळ वेगळा ऐकू येतो, आणि वरून पत्रा तो परत फेकतो.

उजळ टाळाविरुद्धचा खरा मुद्दा याहून गंभीर आहे. मराठी बोलताना स, श, च, त या व्यंजनांची जी सळसळ असते ती आवाजाच्या वरच्या पट्टीत असते, आणि काशाची चमकही नेमकी तिथेच असते. त्यामुळे टाळ फार उजळ असला की स्वर झाकला जात नाही, शब्द झाकला जातो. चाल ऐकू येते, अभंग ऐकू येत नाही. हार्मोनियमवाल्यांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली होती. त्यांना कोणी मनावर घेतले नाही, कारण टाळकरी बहुमतात असतात. वारकऱ्यांच्या गाण्यात शब्द हेच दैवत आहे. ज्या संप्रदायाने संस्कृतातले ज्ञान बोलीत आणण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्याच टाळाने बोली बुडवावी, हे काही आमच्या पचनी पडेना.

आता दुसरी बाजू. मंडळाचे सर्वांत जुने टाळकरी ऐंशीच्या घरातले. त्यांना सारे आण्णा म्हणतात. जड आणि कडक टाळ हवेत, असा आग्रह त्यांचा. वय वाढते तसे माणसाचे ऐकणे आधी वरच्या पट्टीत कमी होत जाते. पखवाजाचा डावा हात शेवटपर्यंत ऐकू येतो, टाळाची चमक विरते. आण्णांना नवा, हलका टाळ वाजवून दाखवला तर ते म्हणत, "लाकडावर लाकूड मारल्यावानी लागतंय." त्यांच्या कानांना तो खरोखरच तसा लागत होता. तरुण त्याच टाळाला गोड म्हणत. दोघेही खरे बोलत होते आणि दोघांनाही समोरचा हट्टी वाटत होता. मंडळाच्या बैठकीत एकाने स्पष्टच म्हटले, की टाळ पुढल्या वीस वर्षांसाठी घ्यायचे आहेत. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्हांला ते वाक्य हिशेबाने बरोबर आणि माणुसकीने तोकडे वाटले.

पंढरपूरला जायचे ठरले तेव्हा आण्णांनाही बरोबर घेतले. दुकानात टाळ पारखण्याची आमची रीत सांगतो. धातूला बोट लागू द्यायचे नाही, दोरीनेच धरायचे. बोट लागले की नाद निम्मा मरतो. तोंडावर तोंड सपाट आपटायचे नाही, मध्ये हवा कोंडते आणि फट् असा आवाज होतो. कडेला कड हलकेच लागू द्यायची. आघात ऐकून मोहून जायचे नाही, शेपूट ऐकायचे, नाद विरेपर्यंत थांबायचे. जोडीतले दोन्ही टाळ निरनिराळे वाजवून पाहायचे. दोन्ही अगदी एकाच उंचीवर बोलत असतील तर आवाज स्वच्छ पण थोडा कोरडा येतो. दोघांत केसाएवढा फरक असेल तर नादात लाट उठते, कमी-जास्त, कमी-जास्त. आम्हांला ती लाट आवडते. फरक फार असला की तीच लाट खरखर होते. आणि शेवटी, एकाने वाजवायचे व बाकीच्यांनी दुकानाबाहेर जाऊन रस्त्यापलीकडून ऐकायचे, कारण टाळ वाजवणाऱ्याच्या मांडीवर असतो आणि ऐकणारा समोर असतो. दुकानदाराने आमच्या या येरझारा पुष्कळ सोसल्या.

आम्ही हार्मोनियम नेली नव्हती, पण आमच्या पट्टीचा षड्ज मोबाइलवरच्या तंबोऱ्यात लावून घेतला. टाळाला नेमका सूर नसतो असे म्हणतात आणि ते बरेचसे खरे आहे. त्याच्या नादात अनेक स्वरांची खिचडी असते. तरी षड्जाशेजारी काही जोड निमूट बसतात आणि काही भांडतात. भांडणारे बाजूला काढले. आण्णा एका बाकावर बसून होते. त्यांनी एक जड जोड उचलला, चार मात्रा वाजवला, मग एक हलका वाजवला. पुन्हा जड घेतला. "ह्यानं कान भरायलेत, मन भरंना," असे म्हणून त्यांनी तो खाली ठेवला; हलक्याविषयी मात्र काहीच बोलले नाहीत.

बारांपैकी दहा जोड मध्यम वजनाचे, गडद अंगाचे घेतले आणि दोन जड व उजळ घेतले, दिंडीत पुढे चालणाऱ्यांसाठी. परतल्यावर दोऱ्या बदलल्या. दुकानातल्या नायलॉनच्या दोऱ्या काढून सुती घातल्या, कारण नायलॉनची गाठ वाटीच्या भोकात सरकते आणि टाळ हातात फिरतो. ज्यांच्या घरी स्त्रिया चिंच लावून देवाची भांडी उजळतात त्यांनी टाळही उजळू नयेत, असेही ठरले. कित्येक ड्रम वाजवणारेही थाळ्यांवरचा जुना रंग जपतात असे कळले, तेव्हा या ठरावाला आधुनिक आधार मिळाला. खरे पाहता तो आळसाचा ठराव होता.

बसण्याची जागा बदलणे हा उपाय हार्मोनियमवाल्यांना सुचला. पूर्वी आण्णा टाळकऱ्यांच्या रांगेत पहिले बसत. आता ते पखवाजाच्या डाव्या अंगाला, कणीक लावलेल्या पुडीच्या शेजारी बसतात. तिथून त्यांना घुमारा नीट लागतो आणि ठेका चुकत नाही. शब्दांसाठी ते गाणाऱ्याच्या ओठांकडे पाहतात. हलका टाळ त्यांनी घेतला आहे, तो गोड आहे की नाही हे आम्ही विचारलेले नाही. कार्तिकातल्या काकड्याला मात्र, पहाटे देवळात माणसे कमी असतात तेव्हा, ते खुंटीवरचा जुना पितळी जोड काढून घेतात, आणि त्या वेळी हार्मोनियमवाले काही बोलत नाहीत.