बाहेरची कोठी

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला सामानाविषयी नव्याने काही शिकवावे लागत नाही. बरोबर काय न्यावे, विकून काय टाकावे आणि गावाकडच्या माळ्यावर काय ठेवावे, हा हिशेब त्याला झोपेतही करता येतो. आम्हीही आजवर सहा बिऱ्हाडे मोडली आणि सहा मांडली. परंतु ज्या दिवशी आमच्या लॅपटॉपने ‘जागा संपत आली’ अशी सूचना पडद्यावर झळकविली, त्या दिवशी हा सारा अनुभव निरुपयोगी ठरला. लॅपटॉपला माळा नसतो.

त्याच्या पोटात जागा होती अवघी २५६ गिगाबाईट. कचेरीची एकही फाईल आम्ही तीत ठेवली नव्हती, हे या मासिकाच्या वाचकांस सांगून ठेवणे अगत्याचे आहे. तीत होती ती घरची छायाचित्रे, वडिलांच्या पत्रांच्या प्रती आणि आईच्या आवाजाची चौदा ध्वनिमुद्रणे. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत आम्ही रजेवर साताऱ्यास गेलो की तिला बोलते करीत असू. भाऊबंदकीचा इतिहास, गोड्या मसाल्याचे प्रमाण, जात्यावरच्या ओव्या. जे तिला आठवेल ते.

काटकसर हा आमचा जुना दोष. १६ टेराबाईटची चकचकीत डबी दीड हजाराच्या आत मिळते, अशी जाहिरात पाहून आम्ही ती घरबसल्या मागविली. इतक्या जागेची खरी डिस्क याच्या कितीतरी पट किमतीला पडते, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नव्हती, हे अधिक खरे. आम्ही सारे सामान तीत हलविले. नक्कल केली नाही, हलविले. महिन्याभराने आईचे बोलणे ऐकावे म्हणून बसलो, तो फाईलींची नावे जागच्या जागी आणि आत काही नाही. डबी फोडली, तेव्हा आत नखाएवढे एक कार्ड डिंकाने चिकटविलेले आढळले; त्यावर ६४ गिगाबाईट छापले होते. अशा डबीला खोटी क्षमता सांगण्यास शिकविलेले असते. भरल्यावरही ती ‘घेते, घेते’ म्हणत राहते आणि घेतलेले टाकून देते. लॅपटॉपमध्ये शोधावे, तर आतल्या एसएसडीने ती जागा केव्हाच साफ केली होती. चौदांपैकी पाच ध्वनिमुद्रणे गेली. मसाल्याचे तेवढे ताईच्या फोनवर सापडले, कारण ते आम्ही तिला पाठविले होते. चार गेली ती गेलीच.

पुण्याहून चिरंजीव फोनवर एवढेच म्हणाले, “बाबा, विचारायचं तरी होतंत.” सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. ते अधिक लागले.

त्यानंतर मात्र आम्ही या विषयाचा अभ्यास केला. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, ती चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांची, सुमारे एक टन वजनाची. आणि तीत मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. बदलीत ती नेणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रवासभत्त्याचे बिल कोणत्या लेखाधिकाऱ्याने मंजूर केले असते, हा विचार आम्हांस बराच वेळ रिझवीत राहिला.

आज निवड दोहोंत असते. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क स्वस्त, पण मंद आणि पडण्याला भिणारी. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे ती चपळ व धक्के सोसणारी. परंतु महाग, आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याच्या कामाची नव्हे, कारण तिच्यातला विद्युद्भार हळूहळू झिरपू शकतो. आमचे सामान रोज उघडण्याचे नव्हतेच. दिल्लीस कामानिमित्त गेलो असता नेहरू प्लेसमध्ये चौकशी केली. दोन टेराबाईटच्या एका एसएसडीच्या पैशांत एक टेराबाईटच्या दोन साध्या डिस्का येत होत्या. एकच भारी वस्तू घेऊन तिच्यावर विसंबणे आम्हांस आता शक्य नव्हते. आम्ही दोन घेतल्या. शिवाय जुन्या, मोडक्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० गिगाबाईटची धडधाकट डिस्क होती. तिला काहीशे रुपयांचे केसिंग घातले. सर्वांत स्वस्त सौदा तोच ठरला.

कोलकात्याच्या बिऱ्हाडी परतल्यावर सौभाग्यवतींनी नवी डिस्क जोडलेली पाहिली. “अहो, हजाराची म्हणून आणलीत आणि नऊशे एकतीसच दाखवते आहे. पुन्हा फसलात का?” फसलो नव्हतो. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक एक हजार चोविसाच्या. माल तोच, मापे निराळी. तथापि त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्ही गमावला होता. म्हणून दोन्ही डिस्का आधी निरुपयोगी फाईलींनी काठोकाठ भरल्या आणि पुन्हा वाचून पाहिल्या. पहिल्या रात्री काम फारच रेंगाळले. दुसऱ्या दिवशी कळले की, वायर लॅपटॉपच्या काळ्या खाचेत होती. निळ्या खाचेत घातल्यावर ते झपाट्याने उरकले.

आता सामानाच्या तीन प्रती आहेत. एक डिस्क आमच्या कपाटात, बंगालच्या दमट हवेपायी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. केसिंगमधली चिरंजीवांकडे पुण्यास. तिसरी दिवाळीत आम्ही स्वतः साताऱ्यास नेली. घराला आग लागली वा चोरी झाली, तर एकाच छपराखालच्या तिन्ही प्रती एकदमच जातील, हे ताईला समजावून सांगू लागलो. पण तिचे लक्ष नव्हते. तिने ती डिस्क दोन्ही हातांत धरली होती.

“यात आई आहे?”

“दहा वेळची आहे,” आम्ही म्हणालो.

तिने उठून कपाटातला स्टीलचा डबा काढला. त्यात आईचा चष्मा होता आणि घराचे उतारे. डिस्क रुमालात गुंडाळून तिने मधोमध ठेवली, झाकण लावले, मग पुन्हा उघडून विचारले, “आणि ही वायर? वायरही यातच ठेवू ना?”